सरकार लहान हवंय की आवाक्यातलं?

पेठकर
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून इथे चर्चेचा धागा काढतोय. आपल्याकडे सरकार जरा जास्तच झालंय असं कुणाला वाटतं का? पक्षाबिक्षाचं बोलत नाहीये, कुठलाही घ्या. पसारा म्हणतोय मी. एकट्या पुण्यात बघा, धरणातलं पाणी पाटबंधारे खात्याचं, नळात आलं की महापालिकेचं. बस पीएमपीएमएलची, मेट्रो महामेट्रोची, पण हिंजवडीची मेट्रो पीएमआरडीए ह्या प्रदेश विकास प्राधिकरणाची. सिग्नल बसवणार पालिका, चालवणार वाहतूक पोलीस. बायपास हायवेवाल्यांचा. कॅम्पात शिरलात की कॅन्टोन्मेंट बोर्ड, म्हणजे थेट दिल्लीचं संरक्षण खातं. मध्ये स्मार्ट सिटीची कंपनी आली ती वेगळीच. आणि सगळ्यांच्या डोक्यावर आमदार, खासदार, पालकमंत्री. इतकी सरकारं असून खड्डा कुणाचा हे विचारायला गेलं की तो नेमका शेजारच्या खात्याचा निघतो.

माझं म्हणणं, निम्मी खाती गुंडाळा, अर्धे दाखले रद्द करा, आणि उरेल त्याला एक असा माणूस जबाबदार धरा जो फोन उचलेल. तुम्हाला काय वाटतं? २०२६ च्या जानेवारीत महापालिकेला ज्यांना मतं दिलीत त्यातलं कोणी नंतर दिसलं का?

गॅलरीतली मी
दिसले की. फ्लेक्सवर.

चिंचेचा कोळ
जागा पकडून ठेवतो. शंभर प्रतिसाद नक्की.

निवृत्त बाबू
पेठकर, तुमचा राग समजतो पण निदान चुकतंय. आयुष्य सरकारी नोकरीत गेलं म्हणून सांगतो, सरकार मोठं नाहीये, रिकामं आहे. माणूस निवृत्त होतो, जागा भरत नाहीत, त्याचं टेबल शेजारच्याला 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून चिकटवतात. एकेका कनिष्ठ अभियंत्याकडे इतका भाग असतो की पावसाळ्यात तो फोन बंद करून बसला तर मला तरी नवल वाटत नाही. तुम्ही म्हणता निम्मे काढा. काढा. मग 'साहेब साइटवर गेलेत' ऐकायला साहेबही नसेल आणि साइटही.

आणि दाखले आम्ही कारकुनांनी नाही काढले हो. वरून नियम येतो, त्याला जोडून परिपत्रक येतं, परिपत्रकाला स्पष्टीकरण येतं. ते वाचून समोरच्याला 'उद्या या' सांगायचं काम तेवढं आमचं.

डावा कट्टेकरी
बाबू, शेवटचं वाक्य सोन्याच्या फ्रेममध्ये लावा. :)

बाकी मूळ धाग्याबद्दल. 'लोकप्रतिनिधी कमी, सरकार कमी' हा प्रयोग पुण्यात झालेला आहे, लोक विसरलेत. १४ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षं एकही नगरसेवक नाही, मुख्य सभा नाही, स्थायी समिती नाही. प्रशासकच आयुक्त, प्रशासकच स्थायी समिती, स्वतःच प्रस्ताव मांडायचा आणि स्वतःच मंजूर करायचा. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या असं घटनेत कलम २४३ यू मध्ये स्वच्छ लिहिलंय. तरी ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट करत करत चार वर्षं. ह्या काळात खर्च कमी झाला का? कर कमी झाला का? मग लहान सरकारवाल्यांनी सांगावं की काय लहान झालं.

स्वतंत्र बाणा
डावा कट्टेकरी, तू 'प्रतिनिधी नाहीत' आणि 'सरकार लहान' ह्यांची मिसळ करतोयस. ती चार वर्षं म्हणजे लहान सरकार नव्हे, बिनबोभाट सरकार. उलट मोठ्या सरकारचं ते सगळ्यात शुद्ध रूप.

सरकार लहान म्हणजे त्याने करायची कामंच कमी. महाराष्ट्रात हे कुणी रोखठोक मांडलं असेल तर शरद जोशींनी. चाकणच्या कांदा आंदोलनापासून त्यांचा एकच धोशा, शेतमालाच्या बाजारात सरकारने लुडबूड करू नये. माणूस आपल्या पुणे जिल्ह्यातलाच, आंबेठाणला शेती करायचा. लोकांनी सभा भरभरून ऐकल्या आणि मतं दुसरीकडे दिली, तो भाग निराळा. आपल्याला सबसिडीही हवी असते आणि सरकारही नको असतं.

धायरीकर
स्वतंत्र बाणा, तुम्ही पेठेत किंवा कोथरूडला राहत असाल असा अंदाज. आमच्याकडे या. २०२१ ला २३ गावं पालिकेत घेतली, त्याआधी २०१७ ला ११. एका रात्रीत पुणे क्षेत्रफळाने राज्यातली सगळ्यात मोठी महापालिका झालं म्हणून पेपरात फोटो. आणि २०२५ च्या जानेवारीत आमच्या सिंहगड रोडच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला करणाऱ्या गिलन-बारे आजाराचे, पेशंट सापडायला लागले तेव्हा अख्ख्या देशाला कळलं की इथे विहिरीचं पाणी नीट शुद्ध न होताच घराघरात जातंय. दोन आठवडे घरात प्रत्येक घोट उकळलेला, पाहुणा आला तर आधी 'उकळलंय हां' सांगून मग तांब्या पुढे करायचा. त्या दिवसांत एकालाही सरकार लहान हवं असं वाटत नव्हतं. सगळे विचारत होते सरकार आहे कुठे.

खडकवासला बॅकवॉटर
धायरीकरांना अनुमोदन पण एक पुरवणी. ग्रामपंचायत होती तेव्हा पाणी काही मिनरल वॉटर नव्हतं. पण सरपंच गावातच होता. त्याला चावडीवर गाठता यायचं, लग्नात गाठता यायचं, दशक्रियेला तर हमखास. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला ग्रामसभा, त्यात एखादा म्हातारा उठून अर्धा तास त्याची बिनपाण्याने करायचा आणि सरपंच निमूट ऐकायचा कारण म्हातारा त्याचा चुलता. पालिकेत आलो, आता चुलत्याचा उपयोग नाही.

उरुळी देवाची आणि फुरसुंगीवाल्यांनी काय केलं बघा, आत आले, कर बघितला, आणि भांडून बाहेर पडले, २०२४ ला स्वतःची नगरपरिषद करून घेतली. म्हणजे लोकांना सरकार नको होतं असं नाही, आपलं वेगळं हवं होतं.

पेठकर
हे बरोबर पकडलंत. मला हेच म्हणायचंय, लहान म्हणजे जवळचं.

स्वतंत्र बाणा
नाही हो पेठकर, धाग्यात तुम्ही 'निम्मी खाती गुंडाळा' लिहिलंय. पळवाट नाही.

पेठकर
गुंडाळाच. ते मागे घेत नाहीये.

गॅलरीतली मी
आता माझं ऐका. आमच्या गल्लीत डांबर टाकलं, छान झालं, पण ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण होतं तिथेच राहिलं आणि रस्ता वर गेला. म्हणजे आता गल्लीच्या बरोब्बर मध्यात वीतभर खोल चौकोनी वाटी. रात्री दुचाकी आली की आधी 'धप्प' आणि मग एक शिवी, गॅलरीत बसून मी आवाजावरून गाडीची कंपनी ओळखायला लागलेय. तक्रारीच्या ॲपवर फोटो टाकला. तिसऱ्या दिवशी मेसेज, 'सदर तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे', सोबत पुराव्याचा फोटो. फोटोत झाकण अगदी रस्त्याला समतल, बाजूला पांढरा पट्टा, मागे पिंपळाचं झाड. आमच्या गल्लीत पिंपळच नाहीये हो! कुठल्या तरी भाग्यवान गल्लीचा फोटो डकवून माझी तक्रार बंद.

मग नगरसेवकांकडे. आमच्या प्रभागात चार. पहिल्यांच्या ऑफिसातून सांगितलं हा भाग ताई बघतात. ताईंच्या पीएने सांगितलं ड्रेनेज दादा बघतात. दादांचा फोन लागला, ते फार गोड बोलले, म्हणाले तुम्ही मतदान केलंत ना, मग झालंच समजा. अजून वाटी तिथेच आहे. धड मोठ्या सरकारचा उपयोग नाही, धड चार प्रतिनिधींचा.

कात्रजचा घाट
पिंपळ!!! हसून हसून पुरेवाट. आमच्याकडे तर प्रभागात पाच नगरसेवक आहेत, तुमच्यापेक्षा एकाने श्रीमंत आम्ही. टोलवायला एक बॅट जास्त.

निवृत्त बाबू
गॅलरीताई, ह्यात खरी मेख प्रभागरचनेची आहे. २००२ ला तीनचा प्रभाग, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा, मध्ये २०२२ साठी तीनचा घाट घातला होता तो बारगळला, आणि आता परत चारचा. ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक. ज्याला जसं सोयीचं तसं. एकाच्या प्रभागात लोकांना तोंडपाठ असायचं की आपला माणूस कोण. २००७ ते १२ मध्ये आमच्या ऑफिसात नगरसेवक स्वतः कागद घेऊन यायचे, कारण काम झालं नाही तर शिव्या त्यांच्या एकट्याच्या नावाने. चारात शिव्या वाटल्या जातात. तुम्हाला खरंच प्रतिसाद देणारा प्रतिनिधी हवा असेल तर आधी एक प्रभाग एक नगरसेवक मागा. बाकी सगळं नंतर.

डावा कट्टेकरी
+१. पण एक सदस्यातही डॉन तयार व्हायचे हे विसरू नका. प्रभाग म्हणजे जहागीर. आपल्याला मतं न देणाऱ्या वस्तीत पाच वर्षं पाय न ठेवणारे बघितलेत. आणि 'स' यादी तेव्हाही होतीच. ह्या नगरसेवकांच्या कामांच्या यादीने पुण्याचा जितका घात केला तितका कुणीच नाही. बजेटात 'स' यादीतून बाक, कमानी, दिशादर्शक फलक, आणि सुस्थितीतला पेव्हर ब्लॉक उखडून नवा पेव्हर ब्लॉक. वर्ष संपत आलं की वर्गीकरण, म्हणजे पाण्याच्या लाइनचे पैसे उचलून सुशोभीकरणाला.

चिंचेचा कोळ
आमच्या सोसायटीसमोर एका बाकावर 'माननीयांच्या संकल्पनेतून' लिहिलंय. बाक ही संकल्पना असू शकते हे त्या दिवशी कळलं.

मुळेकाठी
बाकावर उन्हात बसता येत नाही, सावलीची संकल्पना पुढच्या टर्मला.

अनिवासी आगाऊ
न्यू जर्सीतून लिहितोय, 'तिकडचं सांगू नका' म्हणणाऱ्यांनी स्क्रोल करावं. :)

इथे राज्याची लोकसंख्या नव्वद लाखांच्या वर, म्हणजे पुणे-पिंपरी मिळून जेवढे लोक असतील त्याहून थोडेच जास्त. त्यासाठी ५६४ नगरपालिका. हो, ५६४. आमच्या टाउनशिपच्या मीटिंगला कुणीही जाऊन माइकवर बोलू शकतं, लोकांना बोलायला वेळ ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. मी बर्फ काढायच्या गाडीबद्दल बोललोय आणि मेयर खाली मान घालून लिहून घेत होता. भारी वाटलं. पण पेठकर, दुसरी बाजू ऐका. प्रत्येक गावाचे वेगळे पोलीस, वेगळी शाळा, वेगळा पगारदार व्यवस्थापक. त्यामुळे घरपट्टी देशात सगळ्यात जास्त इथेच. जवळचं सरकार स्वस्त नसतं. तुम्हाला स्वस्त हवंय की जवळचं?

गॅलरीतली मी
मला झाकण हवंय.

स्वतंत्र बाणा
आगाऊ, घरपट्टी ऐकूनच आमच्यात कापरं भरतं. इथे नुसती ४० टक्के सवलत गेली होती तर अख्खं पुणे ती परत मागायचा पीटी-३ फॉर्म घेऊन रांगेत उभं होतं.

मुळेकाठी
जाता जाता, ती सवलत परत मिळाली कशी आठवतंय का? १९७० पासून स्वतः राहत असलेल्या घराला मिळायची, बंद केली, लोक चिडले, आणि २०२३ ला मंत्रिमंडळाने परत दिली. आणि तेव्हा पालिकेत एकही नगरसेवक नव्हता! पुणेकरांच्या घरपट्टीचा निर्णय मुंबईत झाला. म्हणजे प्रतिनिधी प्रतिसाद देतात, पण किती लोकांच्या खिशाला एकदम हात लागला ह्यावर. खड्ड्याने एका वेळी एकच माणूस पडतो म्हणून खड्ड्याचं काही होत नाही.

जुना पुणेकर
तुम्ही सगळे नगरसेवकांच्या मागे लागलात. मुळात सही कुणाची चालते? आयुक्ताची. १९४९ चा महापालिका कायदा उघडा, कार्यकारी अधिकार सगळे आयुक्ताकडे, आणि आयुक्त पाठवतं राज्य सरकार. महापौर अडीच वर्षांचा, मानाचा. म्हणजे आपण ज्याला निवडतो त्याच्या हातात सही नाही आणि ज्याच्या हातात सही आहे त्याला निवडत नाही. नगरसेवक बिचारा 'पाठपुरावा' करतो. १९९३ ला ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली, बाराव्या परिशिष्टात १८ विषय दिले शहरांना. कागदावर. शहर नियोजन त्यातलं पहिलंच, आणि इथे पीएमआरडीए काढून बसले २०१५ ला.

आता तुम्ही म्हणाल मग चांगला आयुक्त द्या. दिले होते. अरुण भाटिया आठवतात? त्यांच्या बदलीच्या वेळी पुणेकर रस्त्यावर आले होते. तेच भाटिया २००४ ला लोकसभेला उभे राहिले तेव्हा ह्याच पुणेकरांनी आरामात पाडले. आपल्याला वाघ आवडतो, पण तो दुसऱ्याने पाळावा.

डावा कट्टेकरी
जुने, प्रतिसाद आवडला. आणि ह्या 'सही कुणाची' भानगडीत माणसं मरतात-बुडतात हे लक्षात घ्या. सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ मुठा कालवा फुटला, वस्तीतले संसार वाहून गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून पाटबंधारे म्हणे पालिका, पालिका म्हणे पाटबंधारे. मधल्यामध्ये उंदीर-घुशींवरही खापर फुटलं. २०२४ च्या जुलैत एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा परत तेच, धरणातून किती सोडलं हे कुणी कुणाला कधी कळवलं.

म्हणून पेठकरांचा मुद्दा इथे मला पटतो (स्क्रीनशॉट काढून ठेवा). खाती कमी करा ह्यापेक्षा एका कामाचा एक धनी करा.

पाटीबहाद्दर
इतक्या उशिरा आलो की सगळं बोलून झालंय. तरी एक. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे, त्यात प्रत्येक सेवेला मुदत दिलेली असते. मुदतीत दाखला नाही मिळाला तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग. जबाबदार अधिकाऱ्याला ५०० ते ५००० दंड. नात्यातल्या एका काकूंना वारसाच्या कागदासाठी एक हापीस (नाव नको) महिनोन् महिने फिरवत होतं. काकूंनी पहिलं अपील टाकलं, सुनावणीची तारीख पडायच्या आधीच हापिसातून फोन, 'काकू, कागद तयार आहे, अपील मागे घेता का?' काकू म्हणाल्या आधी कागद घरी आणून द्या. आणून दिला! शिवाय चहा पिऊन गेला.

गॅलरीतली मी
झाकण ह्या कायद्यात बसतं का?

निवृत्त बाबू
अधिसूचित सेवांची यादी बघावी लागेल. चेंबर कनेक्शनची परवानगी वगैरे असतं, रस्त्यातलं झाकण नाही बसायचं बहुतेक. तुम्ही माहिती अधिकारात विचारा, त्या रस्त्याच्या कामाची वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तक आणि दोषदायित्व कालावधी. कालावधी चालू असेल तर झाकण उचलून घेणं ठेकेदाराच्याच बोडक्यावर. दहा रुपयांचा अर्ज, ३० दिवस. किंवा सोमवारी दुपारी ३ ते ५ जाऊन फाइलच बघा, ती सोय पुण्यात अजून चालू असेल तर. रस्त्याचं नाव, कामाचं वर्ष लिहून न्या, नाहीतर तिथला माझा भाऊबंद तुम्हाला 'उद्या या' म्हणेल.

खडकवासला बॅकवॉटर
आणि ग्रामसभेसारखं शहरातही आहे बरं का, क्षेत्रसभा. २००९ पासून महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. नगरसेवकाने दोन वर्षांत किमान चार घ्यायच्या, नाही घेतल्या तर पद जाऊ शकतं अशीही तरतूद. तुमच्यापैकी कुणी एक तरी क्षेत्रसभा बघितलीय? क्षेत्रंच अधिसूचित केली नाहीत तर सभा कसली भरणार. हे सगळ्या पक्षांना मिळून मान्य आहे, ह्यावर कुणाचा मोर्चा निघत नाही.

स्वतंत्र बाणा
आता सभा, समित्या, अपिलं, आयोग... धागा लहान सरकारचा होता, तुम्ही अजून चार मजले चढवलेत.

कमी सरकारचं चालणारं उदाहरण मीच देतो. आपल्याकडे घरोघरचा कचरा कोण नेतं? 'स्वच्छ'च्या कचरावेचक बायका. स्वतःची सहकारी संस्था, पालिकेशी करार, पैसे बरेचसे आपण घराघरातून देतो. आमच्याकडे येतात त्या मावशी एक दिवस आल्या नाहीत तर बदली पाठवतात, आणि आम्ही ओला-सुका एकत्र दिला तर दारात उभं करून बोलतात. कुठला अधिकारी इतका प्रतिसाद देतो?

डावा कट्टेकरी
आणि त्यांचा करार संपत आला की दर वेळी मोठ्या ठेकेदाराला काम द्यायची चर्चा सुरू होते, ती कोण करतं? आणि वाचवायला मोर्चे कुठे न्यावे लागतात? पालिकेवरच. तुझं उदाहरण माझ्या बाजूचं आहे रे.

स्वतंत्र बाणा
मावशींना विचारू कुणाच्या बाजूच्या आहेत.

कात्रजचा घाट
मावशी म्हणतील आधी डबा वेगळा करा.

मुळेकाठी
कॅन्टोन्मेंटवाले कुणीच कसे बोलत नाहीत? त्यांच्याकडे २०१५ ला शेवटची निवडणूक झाली, २०२३ ला जाहीर होऊन रद्द झाली. आपण चार वर्षांसाठी रडतोय.

पेठकर
सगळं वाचलं. आगाऊंच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं, स्वस्त की जवळचं. जवळचं. घरपट्टी थोडी वाढली तरी चालेल, पण मग मला माइक हवा आणि समोर बसलेल्याकडे सही हवी. नुसता माइक दिलात तर ती तुमची क्षेत्रसभा पण बाकांसारखीच 'संकल्पना' होणार. दाखले कमी करा ह्यावर मात्र मी ठाम आहे, बाबूंनी त्याला उत्तर दिलेलं नाही.

निवृत्त बाबू
दिलं नाही कारण त्यावर मी तुमच्याच बाजूचा आहे. रहिवासी दाखल्यासाठी लाइट बिल, लाइट बिलावर नाव लावायला रहिवासाचा पुरावा. हे मी स्वतः लोकांना सांगितलेलं आहे, गंभीर चेहऱ्याने.

आगाऊची बहीण
पेठकर, 'घरपट्टी वाढली तरी चालेल' वाचून तुमच्या घरी फोन जातोय हां, वहिनींना.

धायरीकर
पेठकर, प्रभागातल्या चौघांना एक संयुक्त पत्र देऊ या का, क्षेत्रं अधिसूचित होईपर्यंत महिन्यातून एकदा उघडी बैठक घ्या म्हणून? चौघांच्या सह्यांची पोच घ्यायची. टोलवायला जागा नको. मसुदा मी टाकतो उद्या, निवृत्त बाबूंनी सरकारी भाषेत बसवून द्यावा.

निवृत्त बाबू
देतो. विषय एका ओळीत लिहा, संदर्भाला कायद्याचं कलम टाका, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

गॅलरीतली मी
जोडपत्र म्हणून पिंपळाचा फोटो देते.